यमूचा ‘मी’ : हरिभाऊ आपट्यांची कादंबरी लिहिण्याची रीत

कादंबरीवरचा कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. लेखकाला सुचतं कसं? कुणी विचारतं, पहाटे लिहिता की रात्री? कुणी विचारतं, आधी शेवट ठरवता का? प्रश्न साधे वाटतात, पण त्यांच्यामागे एक समजूत असते. प्रतिभा म्हणजे एकांत, प्रतिभा म्हणजे झटका, मनात आलं की लिहायचं आणि नाही आलं की थांबायचं, अशी ती समजूत. आज आपण एका अशा कादंबरीकाराकडे बघणार आहोत ज्याला थांबायची सोयच नव्हती. दर आठवड्याला अंक निघायचा आणि अंकात पुढचं प्रकरण हवंच असायचं. तो संपादकही स्वतःच होता, त्यामुळे सबब सांगायची तर कोणाला, हाही प्रश्नच.

हे म्हणजे हरि नारायण आपटे. मराठी वाचकांचे हरिभाऊ. त्यांचं चरित्र सांगणं हा आजचा हेतू नाही. १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आलेली ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी ज्या रीतीनं लिहिली, ती रीत इतिहासाच्या अंगानं आपल्याला समजून घ्यायची आहे. कारण आमचं म्हणणं असं की, विधवांच्या प्रश्नावर तीसचाळीस वर्षं चाललेला वाद या कादंबरीनं एका वेगळ्याच जागी नेऊन ठेवला. आणि ते जमलं ते लिहिण्याच्या रीतीमुळे.

आधी ते पुणं डोळ्यासमोर आणू. १८९० चा ऑक्टोबर महिना. पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली आणि तिथे चहा झाला. रानडे होते, टिळक होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांचा चहा प्यायला की नाही, नुसताच समोर आला की ओठाला लागला, यावरून पुढे ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तांच्या गोष्टी झाल्या. पंडिता रमाबाईंचं शारदासदन त्याच सुमारास मुंबईहून पुण्यात आलं. आणि १८९१ च्या जानेवारीत संमतिवयाचं बिल मांडलं गेलं. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढाच बदल. पण त्यानं पुण्यातली घरंच्या घरं दुभंगली. सभा उधळल्या गेल्या, मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला, तरी वाद काही शमला नाही.

‘करमणूक’ सुरू झालं ते याच १८९० सालात. नाव बघा, ‘करमणूक’! ‘केसरी’ गर्जना करतोय, आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ पासून कोरडे ओढतोय, आणि मध्येच सव्वीस वर्षांचा एक तरुण म्हणतो, आम्ही तुमची करमणूक करणार. ज्यांना हे हलकं वाटलं असेल त्यांना पुढच्या तीन वर्षांत कळलं की करमणुकीच्या नावाखाली हा माणूस घराच्या थेट माजघरात शिरला आहे.

आता हा माणूस घडला कसा ते थोडक्यात बघू, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे. हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४, खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. बालपण मुंबईत एकत्र कुटुंबात गेलं, आणि १८७८ मध्ये मंडळी पुण्याला आली. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर अशा शिक्षकांच्या हाताखाली ते शिकले. चिपळूणकर वारले तेव्हा या विद्यार्थ्यानं शोककाव्य लिहिलं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ हे भाषांतर केलं, तेव्हा याच विद्यार्थ्यानं त्याच्यावर दीर्घ टीका लिहून छापली. गुरूवर प्रेम करायचं आणि गुरूच्या पुस्तकाची चिरफाडही करायची, ही त्या पिढीची शाळा! पुढे कॉलेजात गणितानं दगा दिला आणि पदवी काही मिळाली नाही. मराठी कादंबरीनं त्या गणिताचे आभार मानायला हवेत, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’. ती १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ एकवीस वर्षांचे होते. तिच्यामागे इंग्रज लेखक रेनल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीचा आधार होता. आज इंग्लंडात रेनल्ड्सला फारसं कुणी विचारत नाही, पण त्या काळात हिंदुस्थानातल्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांत त्याच्या कादंबऱ्यांचा फडशा पडत असे. रेनल्ड्स दर आठवड्याला, एका पेनीला एक भाग, असा विकला जाणारा लेखक. हरिभाऊंनी त्याच्याकडून कथानक उचललं, ही गोष्ट टीकाकार नेहमी सांगतात. आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच्याकडून ते आठवड्याच्या मापानं लिहायला शिकले. कुठे थांबायचं, वाचकाला कुठल्या उंबऱ्यावर उभं ठेवायचं, हे तंत्र तिथलं. आणि हरिभाऊंनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना नाव दिलं ‘आजकालच्या गोष्टी’. राजेरजवाड्यांच्या नाहीत, यक्षगंधर्वांच्या नाहीत, आजकालच्या. त्यांची अर्धी भूमिका या दोन शब्दांत आली.

हे ‘आजकालच्या’ म्हणजे काय धाडस होतं, ते कळायला आधीची मराठी कादंबरी आठवावी लागते. १८६१ ची हळब्यांची ‘मुक्तामाला’ घ्या, १८६८ ची रिसबुडांची ‘मंजुघोषा’ घ्या. सुंदर नायिका, दुष्ट कारस्थानं, अद्भुत योगायोग. १८७१ मध्ये गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली आणि शिवकाळ कादंबरीत आला. पण आपल्या शेजारच्या वाड्यात काल रात्री काय झालं, हे कादंबरीत यायचं नाही. अपवाद एकच, आणि तोही सगळ्यात आधीचा. १८५७ ची बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’.

इथे जरा थांबू. पदमनजींच्या नायिकेचं नाव यमुना आणि हरिभाऊंच्या नायिकेचंही नाव यमुना. दोन्ही पुस्तकांचा विषय हिंदू विधवांची स्थिती. मध्ये तेहतीस वर्षं गेली. पण दोन यमुनांमध्ये फरक किती! पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि गावोगावच्या विधवांची दुःखं बघते, ऐकते. पुढे ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. पुस्तक एका उत्तराकडे जातं. हरिभाऊंची यमू कुठल्या पर्यटनाला जात नाही. माहेर, सासर, काही काळ मुंबईचं बिऱ्हाड, एवढंच तिचं जग. ती दुसऱ्यांची दुःखं मोजत नाही, स्वतःची हकिकत सांगते. आणि तिच्या हकिकतीच्या शेवटी उत्तर नाही, प्रश्न आहे. तो तर पुस्तकाच्या नावातच आहे.

आता या तेहतीस वर्षांत काय झालं? १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला होता. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकारानं पुनर्विवाह झाला. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर मोठा शास्त्रार्थ झाला. एका बाजूला सुधारक शास्त्री, दुसऱ्या बाजूला सनातनी शास्त्री. पराशराचं वचन काय, त्याचा अर्थ काय, कलियुगात ते चालतं की नाही. पोथ्या उघडल्या, ओळीओळींवर वाद झाले. १८८४ मध्ये मलबारींची टिपणं आली, मग रखमाबाईंचा खटला गाजला, मग संमतिवय. प्रत्येक वेळी प्रश्न एकाच घाटात विचारला जात होता: शास्त्रात काय आहे? किंवा, सरकारनं यात पडावं का? दोन्ही प्रश्न मोठे होते, दोन्हींत पुरुषच बोलत होते, आणि दोन्हींत ती बाई विषय होती. षष्ठीतली बाई. तिच्याविषयी, तिच्यासाठी, तिच्यावर.

हरिभाऊंनी तिला प्रथमेत आणलं. कर्ता केलं. व्याकरणाचा शब्द वापरल्याबद्दल माफ करा, पण गोष्ट खरोखर व्याकरणाची आहे. सव्वीस वर्षांच्या पुरुषानं लेखणी हातात घेतली आणि तो एका बाईच्या तोंडून ‘मी’ म्हणाला. त्यानंतर तीन वर्षं तो ‘मी’ त्यानं सोडला नाही.

हा ‘मी’ घेतला की लेखकाचं काय काय जातं, ते बघण्यासारखं आहे. सर्वज्ञपणा जातो. यमू ज्या खोलीत नाही, तिथे काय झालं ते तिला कळत नाही. पुरुष ओटीवर बसून तिचं आयुष्य ठरवतात आणि तिला ते दाराआडून ऐकू येईल तेवढंच कळतं. दुसरं, व्याख्यान द्यायची सोय जाते. निबंधकाराला ‘अहो, ही केवढी अमानुष रूढी’ असं म्हणता येतं. माजघरात वाढलेली मुलगी असं बोलणार नाही. ती सांगेल की त्या दिवशी कोण काय बोललं, कोणी ताट बाजूला सारलं, सासूबाईंचा आवाज कसा झाला. तिसरं, भाषा जाते. संस्कृत वळणाची, लांब समासांची निबंधी भाषा यमूच्या तोंडी शोभत नाही. म्हणून हरिभाऊंना घरातलं बोलणं घ्यावं लागलं. बायका बोलताना एका गोष्टीतून दुसरीत जातात, मध्येच म्हणतात ‘पण ते राहू दे’, पुन्हा मूळ धाग्यावर येतात, तसं.

म्हणजे बघा, तीन गोष्टी सोडल्या आणि कादंबरी मिळाली. सुचतं कसं, या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. हरिभाऊंनी आधी एक अट घालून घेतली आणि मग त्या अटीनंच पुढचं सुचवलं. दाराआडून ऐकलेलं अर्धं बोलणं अर्धंच राहू द्यायचं, असं एकदा ठरलं की त्या अर्ध्या बोलण्यातून जी भीती उभी राहते ती सर्वज्ञ लेखकाला शंभर पानांत उभी करता येत नाही.

कथानक आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असेल, तरी दोन शब्दांत सांगू. यमूचं लहानपण, भावंडं, कडक वडील, सोसणारी आई. मैत्रीण दुर्गी, जिच्या नशिबी वाईट नवरा येतो. यमूचा नवरा रघुनाथराव मात्र नव्या विचारांचा. तो तिला लिहायला वाचायला शिकवतो, मुंबईला नेतो, तिच्याशी माणसासारखा बोलतो. ते दिवस सुखाचे. मग तो जातो. आणि यमू पुन्हा त्याच जुन्या घरात, शंकरमामंजींसारख्या माणसांच्या हाती सापडते. तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन होतं.

यात एक गोष्ट अगदी ठरवून केलेली दिसते. दुःख आधी आणि सुख नंतर, असा क्रम नाही. आधी यमू शिकते. तिच्या हातात लेखणी येते, घराबाहेरचं जग तिला दिसतं, नवरा-बायको मित्रासारखे राहू शकतात हे तिला अनुभवानं कळतं. आणि मग सगळं काढून घेतलं जातं. अज्ञानी मुलीवरचा अन्याय वाचून वाचक हळहळतो. पण जिला सगळं कळतं, जी हे सगळं लिहून ठेवू शकते, तिच्यावर तोच अन्याय झाला की वाचकाला नुसतं हळहळून सुटता येत नाही. तिच्या हाती लेखणी दिल्यामुळेच तर ही हकिकत आपल्यापर्यंत आली, हेही त्याच्या लक्षात येतं.

आता साप्ताहिकाकडे येऊ. पुस्तक विकत घेणारा वाचक एक पुस्तक चार दिवसांत वाचून संपवतो. ‘करमणूक’चा वाचक यमूबरोबर तीन वर्षं राहिला. या काळात त्याच्या स्वतःच्या घरात मुलगी नऊची बारा वर्षांची झाली असेल, कुणाचं लग्न झालं असेल, कुणी विधवा झालं असेल. त्या काळी वाचायची रीत अशी की वाचता येणारा एकजण वाचणार आणि बाकीचे ऐकणार. घरातल्या बायकांपैकी फार थोड्यांना वाचता येत होतं, पण ऐकता सगळ्यांना येत होतं. ज्या घरात संमतिवयाच्या बिलाला कडाडून विरोध होता, त्या घरातही कोणीतरी मोठ्यानं यमूचा ‘मी’ वाचला असेल, आणि वाचणारा बहुधा पुरुषच असेल. तो ‘मी’ त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडला असेल. कादंबरी समाजात काय करते, असं कुणी विचारलं की आम्हाला पहिल्यांदा हेच चित्र आठवतं.

आणि हे सगळं लिहीत असताना हरिभाऊ दुसरं काय करत होते? त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे, मुंबईचे नामांकित वकील. त्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. जुन्या संस्कृत पोथ्या जमवायच्या, त्या शुद्ध करून छापायच्या, हे तिचं काम. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि ती त्यांनी आयुष्यभर सांभाळली. आनंदाश्रमाचे ग्रंथ ज्यांनी हाताळले असतील, त्यांना मुखपृष्ठावर हरि नारायण आपटे हे नाव संस्कृत वाक्यात गुंफलेलं दिसलं असेल. म्हणजे ज्या पोथ्यांवरून १८७० चा शास्त्रार्थ झाला, त्या जातीच्या पोथ्या हा माणूस जपत होता, छापत होता. आणि त्याच हातांनी यमूची हकिकत लिहीत होता.

यात काहींना विसंगती दिसते. आम्हाला ती दिसत नाही. शास्त्रात काय आहे, हे हरिभाऊंना त्या वादातल्या पुष्कळांपेक्षा जवळून ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना कळलं असावं की हा वाद वचनांनी कधी संपणार नाही. एका वचनाला दुसरं वचन मिळतंच. यमूच्या ‘मी’ला मात्र प्रतिवचन नाही. तुम्ही तिला खोटी म्हणू शकता, तिचं पुस्तक बंद करू शकता, पण ‘असं मला झालं’ या वाक्याचं खंडन कुठल्या पोथीत सापडत नाही. वाद ‘शास्त्रात काय आहे’ इथून ‘तिला काय झालं’ इथे सरकला, असं सुरुवातीला म्हटलं ते या अर्थानं.

आता किंमत. कारण साप्ताहिकानं जसं दिलं तसं घेतलंही. १८९० नंतरच्या काही वर्षांत ‘करमणूक’मधून एका वेळी एक सामाजिक आणि एक ऐतिहासिक अशा दोन दोन कादंबऱ्या चालत. ‘पण लक्षात कोण घेतो?’ चालू असतानाच ‘म्हैसूरचा वाघ’ आली, ‘यशवंतराव खरे’ सुरू झाली. मग ‘मी’, मग १८९५ पासून ‘उषःकाल’. शिवाय अंकातली इतर भरती, स्फुट गोष्टी, संस्थेचं काम, पुढे पुण्याच्या नगरपालिकेचं काम, तिथलं अध्यक्षपदही. लिहिलेलं पुन्हा बसून कापावं, एवढी फुरसत कुठली? म्हणून हरिभाऊंवरचा पाल्हाळाचा आरोप खरा आहे. आजच्या वाचकाला पन्नास पानं सहज गाळावीशी वाटतात. आणि दुसरी किंमत याहून मोठी. त्यांच्या कितीतरी कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. ‘गणपतराव’ अपुरी, ‘सूर्यग्रहण’ अपुरी, ‘कालकूट’ अपुरी. सुरू करण्याची हिंमत दर आठवड्याला लागते तशी पुरी करण्याची ताकदही लागते, आणि ती दर वेळी उरत नाही. आजकाल जे मित्र क्रमशः लिहितात, त्यांनी ही यादी जवळ ठेवावी. निराश व्हायला नव्हे. एवढ्या मोठ्या लेखकाच्याही टेबलावर अर्धवट बाडं होती, याचा थोडा धीर यावा म्हणून.

पण पाल्हाळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. यमूच्या बाबतीत तो पाल्हाळ सगळाच वाया गेलेला नाही. केशवपनाचा प्रसंग जो अंगावर येतो तो त्याच्या आधीच्या शेकडो पानांमुळे. तिचे केस कुणी विंचरले, सणावाराला वेणीत काय माळलं, असल्या बारीकसारीक घरगुती गोष्टींत आपण तिच्याबरोबर इतके राहिलेले असतो की तो वस्तरा एका ओळखीच्या माणसावर चालतो. शहाण्या संपादकानं ही कादंबरी निम्मी केली असती, तर ती नेटकी झाली असती आणि कदाचित तिचा हा परिणाम गेला असता.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. पुरुषानं बाईचा ‘मी’ घ्यावा का? हा प्रश्न आजचा आहे आणि तो रास्त आहे. कारण त्या काळात बायका बोलत नव्हत्या, असं मुळीच नाही. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ ची, म्हणजे यमूच्या आठ वर्षं आधीची, आणि तिची धार हरिभाऊंपेक्षा तिखट. पंडिता रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक १८८७ चं. रखमाबाईंनी तर टोपणनावानं वृत्तपत्रात पत्रं लिहून आपलं म्हणणं मांडलं होतं. आणि हरिभाऊंच्या अगदी जवळच्या वर्तुळात काशीबाई कानिटकर होत्या. स्वतः कादंबरी लिहिणाऱ्या. हरिभाऊंशी त्यांचा साहित्यावरचा स्नेह आणि पत्रव्यवहार मोठा, आणि तो पुढे प्रसिद्धही झाला. यमूचा आवाज हरिभाऊंनी एकट्यानं हवेतून काढला नाही. त्या आवाजामागे एकत्र कुटुंबात आईविना वाढलेल्या मुलाचे कान आहेत आणि लिहित्या बाईशी बरोबरीनं चाललेलं बोलणं आहे. म्हणूनच तो आवाज उसना वाटत नाही.

तरी त्या ‘मी’ला मर्यादा आहेत. यमूला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि यमू ब्राह्मण घराच्या भिंतींआडून बघते. याच १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळींनी सभा भरवली आणि विधवांचं केशवपन करण्याचं काम आम्ही करणार नाही, असं ठरवलं. सत्यशोधक चळवळीतली ही घटना. म्हणजे वस्तरा ज्याच्या हातात होता, तो माणूसही त्याच वेळी ‘आम्ही’ म्हणून बोलत होता. यमूच्या कादंबरीला त्याचा आवाज ऐकू येत नाही. जो ‘मी’ माजघराचं दार उघडतो, त्याच्याच मापाची ती चौकट असते, हे इतिहास वाचताना विसरून चालत नाही. कादंबरी हा पुरावा आहे, पण एका खोलीचा पुरावा. बाकीच्या खोल्यांत आपल्याला वेगळं जावं लागतं.

आणि नंतर काय झालं? १८९३ मध्ये कादंबरी संपत आली, त्याच वर्षी मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनातल्या एका विधवेशी पुण्यात विवाह केला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. कादंबरीमुळे हे झालं असं आम्ही म्हणणार नाही. इतिहासात एका पुस्तकानं एक घटना घडवली, असं सहसा होत नाही. पण त्याच शहरात, त्याच वर्षांत, घराघरांत यमूची हकिकत ऐकली जात होती, हे दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवं. पुढे १९१० मध्ये रमाबाई रानड्यांच्या आठवणी आल्या, १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आली. बायकांनी स्वतःच्या नावानं, स्वतःचा ‘मी’ लिहिला, आणि तो यमूपेक्षा मोकळा होता. त्यात विनोद होता, हट्ट होता, नवऱ्याशी भांडण होतं. यमूनं धरून ठेवलेली जागा तिच्या खऱ्या वारसदारांनी घेतली, असं म्हणू या.

हरिभाऊ १९१९ च्या मार्चमध्ये गेले. त्याआधी १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं होतं. ‘करमणूक’ त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षं चालवलं. लिहावं कसं, यावर त्यांचा धडा हवा असेल तर तो त्यांच्या कामातच आहे, आणि आम्हाला तो असा वाचता येतो. आधी ऐकावं, आणि घरातलं ऐकावं. एक अट घालून घ्यावी आणि ती गैरसोयीची झाली तरी मोडू नये. वाचकाला आठवड्याचं देणं लागतो असं समजून बसावं. आणि जे ठाऊक आहे ते सगळं सांगायच्या मोहात न पडता ज्याच्या तोंडून सांगतो आहोत त्याला जेवढं ठाऊक असेल तेवढंच सांगावं.

शेवटी पुस्तकाच्या नावाकडे परत येऊ. ‘पण लक्षात कोण घेतो?’ हा हताश माणसाचा प्रश्न आहे. पण तो छापून, दर आठवड्याला, तीन वर्षं विचारला की त्याचं उत्तर हळूहळू तयार होत जातं. ज्यानं गेल्या आठवड्याचं प्रकरण आठवून या आठवड्याचा अंक उघडला, त्यानं लक्षात घेतलं होतं. आपल्यापैकी कुणाच्या घरी जुन्या कपाटात आजीच्या किंवा पणजीच्या नावाची या कादंबरीची प्रत असेल, तर ती उघडून बघा. कुठे पान दुमडलंय, कुठे पेन्सिलीची रेघ आहे, ते बघा. आमचं आजचं सगळं बोलणं कदाचित त्या एका रेघेत असेल.